छोट्या संचाचा नाच बसवण्याची विद्या

सहा ते दहा जणांचे नृत्य रचणे हे एकट्याचे नृत्य रचण्याहून वेगळे काम आहे आणि शेकडो जणांची कवायत बसवण्याहूनही वेगळे आहे. १९८२ साली दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या वेळी सांगली जिल्ह्यातील शेकडो जणांनी लेझमीचे जे प्रात्यक्षिक केले, तशा भव्य रचनेत एखाद्याचा हात अर्ध्या मात्रेने मागे पडला तरी तो समूहाच्या हालचालीत विरून जातो. एकल नृत्यात सगळी नजर एकाच देहावर खिळलेली असते, पण त्या देहाची तुलना करायला शेजारी दुसरे कोणी नसते. छोट्या संचात प्रत्येक जण ओळखू येतो, शेजाऱ्याशी त्याची तुलना होते, आणि त्याशिवाय दोघांमधले अंतर किती, कोणाची मान कोणीकडे वळली आहे, कोण कोणाच्या आड गेले आहे, अशा कोणा एका नर्तकाच्या हाती नसलेल्या गोष्टीही पाहणाऱ्याला दिसू लागतात. ह्या मधल्या गोष्टींची जाणीवपूर्वक मांडणी करण्याला नृत्यसंरचना म्हणतात. शाळांतून आणि मंडळांतून त्याच कामाला ‘नाच बसवणे’ असे म्हटले जाते.

हे काम शिकू पाहणारा बहुधा पावलांपासून सुरुवात करतो, कारण जितकी पावले अधिक येतील तितका नाच चांगला बसेल अशी त्याची समजूत असते. पावलांचे महत्त्व नाकारता येत नाही, परंतु त्यांच्या आधी पाहणारा कुठे बसला किंवा उभा राहिला आहे, हे ठरवावे लागते. कोणते पाऊल दिसेल, कोणते वाया जाईल, रांग धरावी की कडे करावे, हे सारे त्यावर अवलंबून असते. शिरूर तालुक्यातील वडगाव रासाई, त्याच्या आसपासचा भीमाकाठ आणि नदीपलीकडचा दौंड तालुका ह्या टापूत चालत आलेले नाचाचे प्रकार पाहिले, तर पाहणाऱ्याच्या जागेचा हा प्रश्न निरनिराळ्या रीतींनी सोडवलेला आढळतो, आणि संरचना शिकणाऱ्याला त्यांच्याइतके जवळचे पाठ्यपुस्तक दुसरे मिळणे अवघड आहे.

पहिला प्रकार लेझमीचा. हातभर लांबीचा लाकडी दांडा आणि त्याच्या दोन टोकांना जोडलेली, पत्र्याच्या चकत्या ओवलेली लोखंडी साखळी, असे हे साधन तालमीतल्या व्यायामातून नाचात आले आणि पुढे शाळांच्या शारीरिक शिक्षणातही त्याने जागा मिळवली. ‘चार आवाज’, ‘एक जागा’, ‘पवित्रा’, ‘दो रुख’, ‘आगे फलांग’ अशी तिच्या प्रकारांची नावे कवायतीच्या हुकमांसारखी आहेत, आणि ते स्वाभाविकच आहे, कारण लेझमीत चूक डोळ्यांआधी कानाला कळते: सर्वांच्या साखळ्या एकाच क्षणी मिटल्या तर एकच खणका ऐकू येतो, आणि एखादी मागे राहिली तर तो खणका फुटतो. गावच्या मिरवणुकीत लेझीम रस्त्याने पुढे सरकते आणि पाहणारे दोन्ही कडांना उभे असतात. त्यामुळे दोन लांब रांगा, त्यांच्यामध्ये हलगीवाले आणि ढोलवाले, आणि डावी-उजवीकडे सारखीच वळणारी अंगे, ही रचना आपोआप सिद्ध झाली. तीच लेझीम शाळेच्या मंचावर, समोर बसलेल्या लोकांसाठी जशीच्या तशी उभी केली की निम्मी मुले दिसेनाशी होतात, ह्याचे कारण मुलांच्या कौशल्यात नसून ह्या जागाबदलात असते.

झिम्मा, फुगडी, पिंगा हे मंगळागौरीच्या रात्रीचे किंवा नागपंचमीचे खेळ मुळात कोणाला दाखवण्यासाठी नव्हतेच. खेळणारी हीच पाहणारी असल्याने तोंडे आत वळलेली असतात, झिम्म्यातल्या टाळ्या शेजारणीच्या तळव्यावर पडतात, आणि फुगडीत तर एकमेकींच्या वजनावरच दोघींचा तोल सांभाळला जातो. ह्यात छोट्या संचाच्या रचनेचे एक मूलद्रव्य आहे. दोन देह एकमेकांवर खरोखर अवलंबून असले, तर त्यांच्यातला संबंध अभिनय न करताही दिसतो. फुगडीतल्या एकीने हात सोडले तर दुसरी पडेल, हे लहान मुलालाही कळते आणि म्हणूनच फुगडी पाहताना श्वास रोखला जातो. अलीकडे पुण्यासारख्या शहरांत महिलांचे संच हे खेळ मंचावर सादर करतात. तेथे कडे समोरच्या बाजूने उघडावे लागते, तोंडे बाहेर वळवावी लागतात, आणि ते करताना खेळातली आपसातली धिटाई कितपत टिकवायची हा नाच बसवणाऱ्यापुढचा खरा पेच असतो; बऱ्याच संचांना तो सुटलेला दिसत नाही.

तुकाराम महाराजांची पालखी पंढरीच्या वाटेवर दौंड तालुक्यात यवत आणि वरवंड येथे मुक्काम करते. दिंडीतल्या पावलीत टाळकरी समोरासमोर दोन रांगा करतात, मध्ये मृदंगवादक आणि विणेकरी असतात, आणि रांगा पुढे-मागे झुलत एकमेकींजवळ येतात नि दूर जातात. येथे पावले अगदी थोडी असतात. वेधून घेते ते दोन रांगांमधले अंतर कमी-जास्त होणे आणि अभंगाची लय वाढली की त्या झुलण्याला येणारा जोर. एवढ्या अल्प साहित्यावर हा नाच तासन्‌तास कंटाळवाणा होत नाही, ही गोष्ट पावलांच्या मागे धावणाऱ्या शिकाऊ रचनाकाराने लक्षात घेण्याजोगी आहे.

चौथा प्रकार चौफुल्याचा. शिरूरहून न्हावऱ्यामार्गे येणारा रस्ता पुणे–सोलापूर महामार्गाला जेथे मिळतो, त्या चौफुल्यावरची कला केंद्रे संगीत बारीसाठी प्रसिद्ध आहेत. तमाशाचे दोन मुख्य प्रकार मानले जातात. ढोलकी फडात गण, गवळण, बतावणी आणि वग असा पुरा खेळ होतो. संगीत बारीत वग नसतो, लावणीचे गायन आणि नृत्य हाच मुख्य भाग असतो, आणि एकाच थिएटरात अनेक पार्ट्या पाळीपाळीने आपली कला सादर करतात. मोजक्या नर्तकी, पेटी, तबला आणि ढोलकी एवढाच पार्टीचा संच असतो. बारी मंचावर चालली असेल, तेव्हा नर्तकी एका ओळीत उभ्या राहून ठेका धरतात आणि त्यांतली एक पुढे येऊन आपली कडवी रंगवते, मग मागे सरते आणि दुसरी येते. मागच्या ओळीचे काम पुढचीला उठाव देण्याचे असल्याने त्यांची हालचाल मुद्दाम आखडती ठेवलेली असते. बैठकीच्या लावणीत मात्र पाहणारा काही हातांवर बसलेला असतो, म्हणून बसल्या जागची अदा, म्हणजे भुवई, मान, मनगट आणि पदराची चाळवाचाळव, पुरेशी ठरते आणि चाळ बांधलेले पाऊल क्वचितच उचलले जाते. एकच कलावती पाहणाऱ्याच्या अंतरानुसार अंगाचा कोणता भाग बोलका करायचा हे बदलते, आणि हे ज्ञान पुस्तकांतून आलेले नसून पिढ्यान्‌पिढ्यांच्या सरावातून आलेले आहे. लावणीकडे नाक मुरडून पाहणाऱ्या शिक्षणसंस्थांनी रचनेचे हे शिक्षण बराच काळ दाराबाहेर ठेवले, असे म्हणणे भाग आहे.

ह्या चारांच्या जोडीला आता चित्रपटगीतावरचा नाच आला आहे आणि स्नेहसंमेलनांतून तोच सर्वाधिक होतो. मोबाईलवर गाणे लावून त्यातली पावले जशीच्या तशी उतरवणे हा शिकण्याचा रूढ मार्ग झाला असला, तरी त्यात एक मूलभूत अडचण आहे. चित्रपटातला नाच अनेक लहान तुकड्यांत चित्रित होतो आणि मग जोडला जातो. कॅमेरा कधी पायाजवळ असतो, कधी डोक्यावर, कधी केवळ चेहऱ्यापाशी, त्यामुळे पाहणाऱ्याची जागा दर काही क्षणांनी बदलते आणि ती बदलण्यातूनच अर्धी चेतना निर्माण होते. गावच्या मैदानात सतरंजीवर बसलेला प्रेक्षक मात्र कार्यक्रम संपेपर्यंत एकाच कोनातून पाहतो. कॅमेऱ्याने केलेले काम येथे नर्तकांनीच जागा बदलून करावे लागते, आणि नेमका हाच भाग मोबाईलवरून उतरवता येत नाही.

जागा बदलण्याचा विचार भारतीय परंपरेत फार जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्राच्या चौथ्या अध्यायात १०८ करणे (हात, पाय आणि अंगाची एकत्रित स्थिती-गती) आणि त्यांच्या जोडणीतून होणारे ३२ अंगहार सांगितले आहेत, आणि त्याच विवेचनात पिंडीबंध, म्हणजे समूहाने मिळून साधायच्या आकृती, येतात. त्यांचे चार प्रकार सांगितले आहेत: सर्वांनी एकवटून केलेली पिंडी, साखळीसारखी गुंफण असलेली शृंखलिका, वेलीसारखा गुंतत जाणारा लताबंध, आणि समूहातून फुटून निघालेल्यांचा भेद्यक. एकत्र येणे, जोडले जाणे, गुंतणे आणि फुटणे ह्या चार क्रियांपलीकडे छोट्या संचाला फारसे काही करताही येत नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला, त्याचा सातवा अध्याय संपूर्णपणे नर्तनाला वाहिलेला आहे; म्हणजे नृत्याच्या शास्त्रीय मांडणीचा एक प्रमुख ग्रंथ आजच्या महाराष्ट्राच्या भूमीवरच घडला.

आता प्रत्यक्ष रचनेकडे वळता येईल. एखाद्या शाळेचा मंच २४ फूट रुंद आणि १६ फूट खोल आहे आणि आठ मुलांना लेझीम करायची आहे, असे उदाहरण घेतले, तर हात पसरलेल्या मुलाला दोन्ही बाजूंनी मिळून साधारण ५ फूट जागा लागते. आठ जणांची एक रांग धरायला ४० फूट हवेत, म्हणजे ती बसत नाही. चार-चारांच्या दोन रांगा २० फुटांत बसतात. मागची रांग पुढच्या रांगेच्या नेमकी मागे उभी केली तर ती झाकली जाते, म्हणून ती अर्ध्या अंतराने, म्हणजे अडीच फूट, एका बाजूला सरकवून दोन मुलांच्या मधल्या फटीत उभी करतात. ह्याच मुलांचे कडे करायचे झाल्यास ४० फुटांच्या परिघाला सुमारे १३ फुटांचा व्यास लागतो, आणि १६ फूट खोलीत पुढे-मागे जेमतेम दीड-दीड फूट उरतो. नववा मुलगा घेतला की एखाद्याचा पाय मंचाच्या कडेवर जाणार, हे तालमीआधीच कागदावर कळते. शिवाय बंद कड्यात पुढच्या अर्ध्या मुलांची पाठ प्रेक्षकांकडे होते, त्यामुळे मंचावर कड्याऐवजी समोर उघडी राहणारी नालेसारखी आकृती अधिक उपयोगी पडते. संख्या विषम असेल तर मध्यभागी कोण, हा प्रश्न आपोआप सुटतो. पाच आणि सात जणांचे संच बसवायला सोपे वाटतात ते ह्यामुळेच.

जागेइतकाच हिशेब काळाचा असतो. लावणीला आणि बहुतेक मंचीय गाण्यांना चालणारा केरवा हा आठ मात्रांचा ताल आहे. मात्रा म्हणजे ठोक्याचे एकक, आवर्तन म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा आणि सम म्हणजे त्या फेऱ्याची पहिली, सर्वांत वजनदार मात्रा. मिनिटाला ९६ मात्रांच्या लयीत तीन मिनिटांचे गाणे २८८ मात्रांचे होते, म्हणजेच ३६ आवर्तनांचे. प्रत्येक आवर्तनाला नवे पाऊल द्यायचे ठरवले तर ३६ पावले शिकवावी लागतील, आणि ती शिकवली तरी पाहणाऱ्याच्या लक्षात एकही राहणार नाही. प्रवेशाला दोन आवर्तने, शेवटाला दोन, आणि चार वेळा आकृती बदलण्याला एकेक आवर्तन बाजूला काढले की २८ उरतात. एकेक पाऊल डावी-उजवीकडे धरून चार आवर्तने चालवले, तर सात पावलांत काम भागते. त्यांपैकीही दोन-तीन पावले थोड्या फरकाने परत आली तर अधिक चांगले, कारण ओळखीचे पाऊल नव्या आकृतीत दिसले की पाहणाऱ्याला त्यातला बदल जाणवतो.

आकृती बदलताना सर्वांत जास्त गोंधळ होतो, आणि तो टाळण्यासाठी प्रत्येकाचा मार्ग वेगळा आखावा लागतो. आठ मात्रांत मूल आठ पावले टाकते आणि नाचत चालताना एका पावलात दीड फुटाहून जास्त पुढे जात नाही, म्हणून एका आवर्तनात कोणालाही १२ फुटांपलीकडे पाठवणे म्हणजे त्याला पळायला लावणे होय. दोघांचे मार्ग एकमेकांना छेदत असतील, तर कोण पुढून जाणार आणि कोण मागून, हे एकदाच ठरवून टाकावे लागते. ते मुलांवर सोडले तर प्रत्येक तालमीला वेगळे घडते. जमिनीवर खडूने किंवा रांगोळीने खुणा करून आधी संगीताविना केवळ चालण्याचा सराव करून घेणारे शिक्षक हे टाळतात. शिकवणारा मुलांकडे तोंड करून उभा असेल तर त्याने उजव्याऐवजी डावा हात उचलावा, म्हणजे मुलांना आरशात पाहिल्यासारखे होते, ही साधी गोष्टही अनेकदा राहून जाते.

आठ जणांनी सदैव एकच हालचाल एकाच वेळी करणे हा रचनेचा फक्त एक मार्ग आहे. दुसरा मार्ग मागोमागचा: तीच आठ मात्रांची हालचाल एकेका मात्रेच्या अंतराने एकामागून एकाने सुरू केली, तर आठवा मुलगा आठव्या मात्रेवर निघतो आणि पंधराव्या मात्रेवर संपवतो, सोळाव्या मात्रेवर सर्वांनी मिळून साखळी मिटली की पुढच्या समेवर पुन्हा एकत्र सुरुवात करता येते. तिसरा मार्ग सवाल-जवाबाचा, जो तमाशात शाहिरांच्या झगड्यातून लोकांच्या अंगवळणी पडलेला आहे. चार जणांनी विचारावे आणि चार जणांनी उत्तर द्यावे, पण उत्तर सवालाची नक्कल असू नये, त्यात काहीतरी वाढ असावी. कथकातली तिहाई हीसुद्धा छोट्या संचाला फार उपकारक आहे. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीन वेळा घेऊन शेवटचा ठोका नेमका समेवर आणणे. पाच मात्रांचा तुकडा आणि दोन तुकड्यांच्या मध्ये एकेक मात्रा विश्रांती ठेवली, तर १७ मात्रा होतात, म्हणजे दोन आवर्तने संपून सतरावा ठोका तिसऱ्याच्या समेवर पडतो. पहिला तुकडा तिघांनी, दुसरा दुसऱ्या तिघांनी, तिसरा उरलेल्या दोघांनी आणि शेवटचा ठोका आठांनी मिळून घेतला की ताल न समजणाऱ्यालाही शेवट आल्याचे कळते.

अमेरिकन नृत्यरचनाकार डोरिस हम्फ्री यांचे नृत्यरचनेवरील पुस्तक १९५९ साली, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाले. डावी-उजवी बाजू सतत सारखी ठेवलेली रचना निर्जीव होते आणि बहुतेक नृत्ये गरजेपेक्षा लांब असतात, असे त्यांचे म्हणणे होते. स्नेहसंमेलनाच्या कार्यक्रमपत्रिका पाहता दुसरे म्हणणे मराठी मुलखालाही लागू पडावे. पहिले मात्र थोडे जपून घ्यावे लागते. लेझमीची शोभा समतोलातच आहे, आणि तो समतोल दीर्घकाळ ठेवून एकदाच मोडला, उदाहरणार्थ एक मुलगा कोपऱ्यात आणि सात जण तिरप्या रांगेत, तर तो एकटा सातांना पुरून उरतो.

कोणाला पुढे ठेवायचे, हा वरवर व्यवहाराचा वाटणारा प्रश्नही रचनेचाच भाग आहे. चांगली नाचणारी दोन मुले कायम पुढे आणि बुजरी मुले कायम मागे, ही सोय शिक्षकाला सोपी असली तरी तिच्यामुळे मागच्यांना पुढच्यांकडे पाहून नाचण्याची सवय लागते आणि ती अर्धी मात्रा मागे राहतात. रांगा दर दोन-तीन आकृत्यांनी उलटवल्या, तर प्रत्येकाला पुढे कोणी नसताना पाऊल आठवावे लागते. पहिली ते चौथीची मुले एकत्र घ्यावी लागणाऱ्या कमी पटाच्या शाळांत उंचीतला फरक लपवण्यापेक्षा तो वापरणे बरे. लहानांना बैठ्या हालचाली आणि मोठ्यांना उभ्या दिल्या की दोन थर आपोआप तयार होतात.

एवढे सगळे जुळूनही नाच तुटक वाटतो, तेव्हा त्यात एकसूत्री विषय नसतो. मराठीत अशा एकसूत्रतेचे एक लक्षणीय उदाहरण तंजावरला सापडते. दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी ‘कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस’ ह्या नावाने मराठी नृत्यप्रबंध रचले, ज्यांत नृत्यप्रयोगाच्या आरंभापासून अखेरपर्यंतचे सर्व भाग एकाच कथेला, एकाच रागाला आणि एकाच तालाला बांधलेले आहेत. नृत्यगुरू पार्वतीकुमार यांनी विसाव्या शतकात ह्या प्रबंधांचा अभ्यास करून ते पुन्हा रंगमंचावर आणले. चार गाण्यांचे तुकडे जोडून केलेल्या आजच्या ‘रिमिक्स’ नाचाशी ह्या रचनेची तुलना केली, तर राग, ताल आणि कथा यांपैकी किमान एक गोष्ट स्थिर ठेवल्याने किती फरक पडतो हे कळते.

संरचनेचे पद्धतशीर शिक्षण मिळण्याच्या सोयी पुण्यात आहेत. रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये स्थापन केलेली ‘नृत्यभारती’ कथकाचे शिक्षण देत आली आहे, आणि पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ पासून संगीत, नाट्य आणि नृत्य शिकवते. तालुक्यातल्या शिक्षकाला तेथे जाणे जमले नाही तरी एक साधन त्याच्या हाती असते, ते म्हणजे वही. युरोपात रुडॉल्फ लाबान यांनी १९२८ मध्ये हालचाली चिन्हांनी लिहून ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ती शिकायला अवघड आहे, आणि शाळेच्या कामासाठी तिची गरजही नाही. चौकटीच्या वहीचे एक पान एका आवर्तनाला दिले, प्रेक्षकांची बाजू पानाच्या खालच्या कडेला धरली, मुलांना आकडे दिले, त्यांच्या जागा टिंबांनी आणि मार्ग बाणांनी दाखवले, आणि बाजूला पावलाचे नाव व मात्रा लिहिली, की ३६ पानांत पूर्ण नाच मावतो. पुढच्या वर्षी तीन मुले शाळा सोडून गेली आणि पाचच उरली, तर कोणत्या पानावर आकृती मोडते हे त्याच वहीवरून दिसते, आणि तेवढी पाने नव्याने काढून बाकीचा नाच तसाच ठेवता येतो.